पन्नासची रेघ

फोन राजकन्याचा होता, पण पलीकडून कुणी बोलत नव्हतं. गीतांजलीने दोनदा 'अक्का, बोल' म्हणून पाहिलं आणि मग फोन नुसताच कानाला लावून ठेवला, कारण श्वास ऐकू येत होता. तो आईचा आहे हे तिला लगेच कळलं. नाकातून येणारी ती बारीक शीळ लहानपणी एका अंथरुणात झोपणाऱ्या तिन्ही भावंडांच्या झोपेत मुरलेली होती. आईच्या हाताला फोन लागला असणार. हल्ली ती हाताला येईल ते दाबत बसते, रिमोट काय, पंख्याचं बटण काय, असं राजकन्या मागे कधीतरी हसत म्हणाली होती. गीतांजली नांदेडच्या आपल्या कॉलेजात, प्रयोगशाळेच्या दारात उभी होती. तिला कंधारच्या पुढे एका गावाला जायचं होतं आणि निघायला आधीच उशीर झाला होता. ठेवून द्यावा फोन, असं मनात येतंय तोच लांबून राजकन्याचा आवाज आला. 'गीळ.' मग अगदी जवळून. 'गीळ म्हणते ना. किती वेळ तोंडात धरून बसशील? गीळ.' आणि मग एक आवाज. ओला, छोटा, सपकन आलेला. त्याच्यामागे आईचं ओरडणं नाही, रडणं नाही, नुसती ती शीळ एकदम थांबली. मग फोन बंद झाला.

गीतांजलीने लगेच फोन लावला. राजकन्याने तो दुसऱ्या रिंगला उचलला. 'काही न्हाई गं, आईनं दाबला असंल. जेवायलीय ती. तू जेवलीस का?' गीतांजली म्हणाली, जेवले. ती जेवली नव्हती. राजकन्या म्हणाली, बरं मग, ठेवते, भात निवायलाय. एवढंच. आवाज नेहमीचाच होता, वर नाही, खाली नाही. गाडीत बसून पट्टा लावताना गीतांजलीच्या लक्षात आलं की आपल्याला धक्का बसलाय तो त्या पहिल्या आवाजाचा नाही, या दुसऱ्याचा. एखादं माणूस इतक्या पटकन इतकं सरळ कसं बोलू शकतं? आणि आपणही इतक्या पटकन 'जेवले' कसं म्हणू शकतो?

तो आवाज कशाचाही असू शकतो, असं ती विष्णुपुरीपर्यंत स्वतःला सांगत राहिली. ओल्या फडक्याचा. मांडीवर बसलेला डास मारल्याचा. एकदाच ऐकलेल्या आवाजावरून निष्कर्ष काढू नये, हे ती मुलांना दरवर्षी शिकवते. तिची निम्मी कारकीर्द आवाज ऐकण्यातच गेली होती म्हटलं तरी चालेल. विजेचाही आवाज असतो. ट्रान्सफॉर्मरच्या पेटीला कान लावला की जो गुणगुणाट येतो, तो वीज सेकंदाला पन्नास वेळा मागेपुढे होते त्याचा. पाठ्यपुस्तकात त्याला वारंवारता म्हणतात, वर्गात फ्रिक्वेन्सी आणि गावात नुसतं पन्नास. मोठ्या जाळ्यात हे पन्नास धरून ठेवायला टनावारी वजनाची फिरती चाकं असतात. एकीकडे भार अचानक वाढला तरी चाक आपल्या वजनाच्या जोरावर क्षणभर तसंच फिरत राहतं, आणि त्या क्षणात माणसांना, यंत्रांना सावरायला वेळ मिळतो. सोलरच्या इन्व्हर्टरला असं वजनच नसतं. तिथे जे घडतं ते पापणी लवायच्या आत घडून जातं. गीतांजलीचा प्रबंध याच गोष्टीवर होता, कंधारकडच्या त्या गावाला वीज पुरवणारी सोलरची पाच मशीनं हा त्या प्रबंधाचा जिवंत पुरावा होता, आणि काल संध्याकाळी तो पुरावा साऱ्या गावाच्या डोळ्यांदेखत अंधारात गेला होता.

पाच ठिकाणी पाच मशीनं. शाळा, ग्रामपंचायत, पाण्याची टाकी, गुंडप्पांची पिठाची गिरणी आणि शेवटी महानंदाचं दूध संकलन केंद्र. प्रत्येकाचे स्वतःचे सोलर, स्वतःची बॅटरी. पाचांत कुणीही मुख्य नाही. भार वाढला की पन्नास किंचित खाली येतं, ते पाचही मशीनांना एकाच वेळी जाणवतं, आणि सांगावं लागत नाही, प्रत्येक जण आपल्या ताकदीनुसार खांदा देतो. शिवाय एक बारीक करडी वायर असते, शेजाऱ्यापासून शेजाऱ्यापर्यंत जाणारी. तिच्यातून प्रत्येक मशीन फक्त आपल्या शेजाऱ्याला विचारतं, तू किती घेतलंस, मी किती घेऊ. तेवढ्या कुजबुजीवर सगळं समसमान होतं आणि पन्नास पुन्हा जागेवर येतं. हे सारं उभं करताना तिला जो आनंद झाला होता तो निव्वळ गणिताचा नव्हता. म्होरक्या नसलेलं घर चालू शकतं, हे तिला कुठेतरी सिद्ध करून दाखवायचं होतं.

कारण त्यांच्या घरात म्होरक्या होता. अण्णा, तिचे वडील. मुरुडच्या शाळेचे हेडमास्तर किशनराव, ज्यांना विचारल्याशिवाय घरात चिंचही फुटायची नाही. 'अण्णांना विचारा' हे वाक्य आई, म्हणजे रुक्मिणबाई, दिवसातून इतक्या वेळा म्हणत की शेजारच्या सरजाबाई आपल्या पोरांना दटावतानाही गमतीने तेच म्हणायच्या. कुणी काय शिकायचं, कुणी कुठे नोकरी करायची, हे अण्णा ठरवत. राजकन्यासाठी आलेली तीन स्थळंही त्यांनीच परत पाठवली, पहिलं पगारासाठी, दुसरं अंतरासाठी, तिसरं कशासाठी ते आता कुणालाच आठवत नाही. तोवर तिचं वय होऊन गेलं. तिने लातूरला एका खाजगी शाळेत मराठी शिकवलं आणि औसा रोडला अण्णांनी बांधलेल्या दोन खोल्यांत त्यांच्यासोबत राहिली. तीन वर्षांमागे अण्णा गेले तेव्हा तेराव्याच्या दुपारी तिन्ही भावंडं ओसरीवर बसली. व्यंकटदादा मुरुडला, राजकन्या लातूरला, गीतांजली नांदेडला. आईची पाळी लावायचं ठरलं. चार-चार महिने. इकडच्या घरांत आईबापांची पाळी बहुतेक मुलांमध्ये लागते, मुलींना कुणी धरत नाही, पण गीतांजलीनेच आग्रह धरला होता की आपण तिघंही सारखे. कुणी मोठं नाही, कुणी धाकटं नाही. व्यंकटदादाला ते इतकं पटलं की त्याचे डोळे भरून आले.

मग काय झालं, हे लोह्याकडे जाताना ती आठवून पाहत होती, आणि तिला आठवेना. भांडण झालं असतं तर आठवलं असतं. वहिनीच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं, तेव्हा राजकन्या म्हणाली, राहू दे दादा, या महिन्यात मी बघते. गीतांजलीचं गावातलं काम सुरू झालं, तेव्हा राजकन्या म्हणाली, तू कशी करशील गं, राहू दे. गीतांजलीच्या नवऱ्याची, शिवशंकरची, बदली होणार होती, ती झाली नाही, पण होईल होईल म्हणेपर्यंत आईची एक पाळी गेली. कुणी नाही म्हटलं नाही. कुणी हात झटकले नाहीत. भावंडांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता, त्यावर रोज संध्याकाळी राजकन्याचा निरोप यायचा. आई बरी आहे. जेवली. व्यंकटदादा हात जोडायचा, गीतांजली अंगठा दाखवायची, आणि दिवस संपायचा. गीतांजलीला त्या निरोपाची इतकी सवय झाली होती की तो वाचल्यावर ती पडदे ओढून घ्यायची. कुणी तिला विचारलं असतं, आईचं कसं चाललंय, तर ती अगदी प्रामाणिकपणे म्हणाली असती, छान चाललंय.

गावात पोचली तेव्हा दुपार उतरली होती. मे महिन्याचं ऊन पत्र्यावरून डोळ्यात येत होतं. गिरणीच्या दारात अजून लग्नाचा मांडव होता, वाळलेल्या आंब्याच्या पानांसकट. गुंडप्पांनी पोरीचं लग्न लावून आठ-दहा दिवस झाले असतील. कपाळावर भस्माचे पट्टे, अंगात बनियन. ते तिला पाहून उठले नाहीत, नुसते सरकले, म्हणजे राग होता. 'या म्याडम. गिरणी बंद, टाकी कोरडी, दूध नासलं. लोक मला बोलून राहिले. मी म्हणलं, म्याडमला इचारा, त्यांनी बिनम्होरक्याचं काढलंय.' तिने विचारलं, काल नक्की काय झालं? 'काय व्हायचंय? चांगलं चालू व्हतं. सांजच्याला पंखा फिरता फिरता थांबला. एकदम. कुरकुर न्हाई, मिचमिच न्हाई. आमचं म्हणणं एकच हाय, पाचांत एक मशीन मोठं करा. जिम्मा एकाच्या गळ्यात घाला. खामखा सगळ्यांनी सगळ्यांना इचारत बसायचं, हे काय खरं न्हाई.' गीतांजली म्हणाली, आधी बघते.

तिला खरं तर काहीच समजत नव्हतं. शाळेतल्या मशीनवरून पन्नासचा आलेख तिच्या फोनवर येत असे. रोज सकाळी चहाबरोबर ती तो पाहायची, आणि गेले आठ-दहा दिवस ती रेघ नेहमीपेक्षाही सपाट होती. लग्नाची रोषणाई, गिरणी, सगळं चालू असूनही पन्नास जागचं हललं नव्हतं. तिने त्या रेघेचं चित्र मुलांना वर्गात दाखवलंही होतं. आता ती एकेका मशीनपाशी गेली. म्होरक्या नसलेल्या व्यवस्थेत ही एक गोम असते, सगळ्याचा हिशेब कुठेच एका जागी नसतो. कुणी किती उचललंय हे कळायला त्याच्या दारात जावं लागतं. शाळेच्या मशीनने गेल्या आठवड्यात जवळजवळ काहीच उचललेलं नव्हतं. पंचायतीच्या मशीननेही नाही. टाकीच्या, गिरणीच्याही नाही. चारही मशीनं धडधाकट, बॅटऱ्या तुडुंब, आणि हात बांधून बसलेली. राहिलं दूध केंद्र.

महानंदा नासलेल्या दुधाचे कॅन घासत होती. पन्नाशीची बाई, गळ्यात इष्टलिंग, पदर कमरेला खोचलेला. गीतांजलीला बघून ती ओशाळली, जणू दूध तिनेच नासवलं होतं. मशीनच्या पाठीमागे करडी वायर निघालेली होती. तुटलेली नव्हती. नीट सोडवून, तिची छोटी गुंडाळी करून, वर रबर लावून खिळ्याला टांगलेली होती.

'ही कुणी काढली?'

'मीच की म्याडम.' महानंदाने हात पदराला पुसले. 'लग्नघर होतं गुंडप्पांचं. आमच्यात शेजारी लग्न असलं की त्यांच्या चुलीवर भार पडू देत न्हाईत. वऱ्हाड आमच्या घरी उतरलं, पाणी आमीच भरलं, भांडी आमीच घासली. मग म्हणलं, लायटीचा भार तेवढा त्यांच्यावर कशाला? तुमीच सांगितलं होतं, या वायरीतून मशीन शेजाऱ्याला इचारतंय, तू किती घेतलंस म्हणून. म्हणलं, आपण न्हाईच इचारलं म्हंजे झालं. आपलं आपण ओढू.'

'आणि लग्न झाल्यावर?'

'मग ऱ्हाऊनच गेलं बघा. चाललंय बरं तर चालू दे म्हणलं. आकडा पन्नासच दाखवायचा की.'

गीतांजली मशीनपुढे उकिडवी बसली. सगळं उलगडायला तिला फार वेळ लागला नाही. प्रत्येक मशीनच्या पोटात एक घड्याळ असतं, आणि कुठलीच दोन घड्याळं अगदी सारखी नसतात. महानंदाच्या मशीनला पन्नास नेहमी केसभर कमी वाटायचं. बाकीच्यांना केसभर जास्त. शेजाऱ्याशी बोलणं चालू असतं तोवर हा फरक वाटला जातो, जिरून जातो. वायर निघाल्यावर त्या एकट्या मशीनला सतत वाटत राहिलं की अजून थोडं कमी पडतंय, आपण अजून थोडं द्यायला हवं. ते देत गेलं. तिकडे बाकी चौघांना वाटत राहिलं की गरजेपेक्षा जास्तच होतंय, आणि ते आपला हात थोडा थोडा काढून घेत गेले. त्यांचाही काही दोष नव्हता. त्यांना जे कळत होतं त्याप्रमाणे ते अगदी बरोबर वागत होते. आणि या सगळ्या दिवसांत पन्नास मात्र पन्नासच राहिलं. रात्री बॅटरी आदल्या रात्रीपेक्षा थोडी जास्त रिकामी व्हायची, सकाळी ऊन तिला पूर्ण भरू शकायचं नाही. काल संध्याकाळी दूध थंड करायचं यंत्र सुरू झालं आणि ते मशीन बसलं. साऱ्या गावाचा भार एका क्षणात त्या चौघांवर आला, ज्यांना उचलायची सवयच राहिली नव्हती. सावरायला फिरतं वजन नव्हतं. पन्नास दगडासारखं खाली आलं आणि चारही मशीनं स्वतःला वाचवायला बंद झाली.

अशा वेळी अशा तुलना सुचणाऱ्या माणसांची गीतांजलीला चीड होती. सेमिनारमध्ये एखादा मुलगा 'समाजही एक नेटवर्कच आहे' असं म्हणाला की ती त्याचे गुण कापायची. यंत्राला भीड नसते. यंत्राला आई नसते. ती हे स्वतःला बजावत होती आणि खिळ्यावरची ती गुंडाळी हातात घेऊन तिचं रबर काढत-घालत होती. महानंदा वरून विचारत होती, 'लावू का वायर परत?' ती जवळजवळ ओरडली, 'नको.' मग सावरून म्हणाली, एकदम लावायची नसते. यानं जे स्वतःच्या डोक्यावर साठवून घेतलंय ते आधी हळूहळू उतरवावं लागतं. नाहीतर पाचही झोकांड्या खातात. महानंदाला ते समजलं की नाही कोण जाणे, पण ती मान डोलावत राहिली. 'मशीनचा तरी काय दोष म्याडम. त्याला वाटलं असंल, मी हाय तर कशाला दुसऱ्याला तकलीफ.' गीतांजलीने वर पाहिलं. महानंदा गंमत करत नव्हती.

आकडे उतरवून, वायर लावून, पाचही मशीनं एकेक करून उभी करायला उन्हं कलली. गिरणीचा पंखा फिरला तेव्हा गुंडप्पा खुश झाले आणि चहा आला. म्होरक्याचं काय, असं त्यांनी पुन्हा विचारलं. विचार करू, असं ती म्हणाली. वर्षभरापूर्वी हाच प्रश्न कुणी विचारला असता तर तिने तिथेच वही-पेन घेऊन त्यांना पटवून दिलं असतं. आता तिला फक्त निघायचं होतं.

लोह्याला रस्ता फुटतो. उजवीकडे नांदेड, डावीकडे लातूर. तिने गाडी बाजूला घेतली आणि व्यंकटदादाला फोन लावला. 'दादा, आईकडं कधी जाऊन आलास?' तो म्हणाला, 'संक्रांतीला गेलो होतो की. का गं? राजी काही बोलली का?' नाही, ती म्हणाली, सहज. 'रोज तर निरोप येतो. राजी हाय म्हणून आपण निवांत हावोत, खरं सांगतो.' त्याच्या आवाजात खरोखरची माया होती. दुपारचा तो आवाज त्याला सांगावा, असं तिच्या ओठांवर आलं. पण सांगायचं काय? फट वाजलं? ती म्हणाली, बरं, ठेवते. मग शिवशंकरला कळवलं की यायला उशीर होईल, आणि गाडी डावीकडे वळवली. अहमदपूर गेलं, चाकूर गेलं. रस्त्यात तिने एकदाही रडू येऊ दिलं नाही, कारण रडू येतच नव्हतं. तिला भीती वाटत होती, आणि ती कशाची हेही तिला ठाऊक होतं. आई मार खात असेल याची भीती होतीच. त्याहून मोठी भीती ही होती की अक्काने दार उघडून 'सगळं ठीक हाय' म्हटलं तर आपण त्यावर विश्वास ठेवून, चहा पिऊन, परत जाऊ.

राजकन्याने दार उघडलं आणि म्हणाली, 'अगं, तू? सगळं ठीक हाय ना?'

दिवेलागणीची वेळ होती. घर स्वच्छ होतं. लातूरला नळ येईल तेव्हा येतो, म्हणून पुढच्या खोलीतही पाण्याचे ड्रम, त्यांवर धुतलेली फडकी. आई खाटेवर बसलेली, न्हाऊ घातलेली, विंचरलेली, पांढऱ्या पातळ केसांची बारीक वेणी. गीतांजलीला बघून ती हसली. गीतांजली तिच्याजवळ गेली आणि वाकून नमस्कार करताना तिने तिच्या दोन्ही गालांकडे पाहिलं. काही नव्हतं. गाल नुसते म्हातारे होते. तिला हायसं वाटलं आणि त्याच दमात, हायसं वाटल्याची लाज वाटली. मग तिने राजकन्याकडे पाहिलं. गाऊनला सेफ्टी पिन, गळ्याची हाडं वर आलेली. संक्रांतीला व्यंकटदादाने फोटो पाठवला होता, त्यात ती मागे उभी होती, आईला धरून. तो फोटो आपण पाहिला तेव्हा आईलाच पाहिलं होतं.

'कंधारला आले होते,' गीतांजली म्हणाली.

'कंधार कुठं आणि लातूर कुठं.' राजकन्या हसली. 'बस, चहा टाकते.'

'अक्का, शाळा कधी उघडतेय तुझी?'

'शाळा?' राजकन्या गॅसपाशी थांबली. 'मागच्या जूनलाच सोडली की. हिला एकटं ठेवायचं कसं?'

'बोलली नाहीस.'

'बोलून काय? तुम्ही दोघांनी उगं जिवाला लावून घेतलं असतं.'

गीतांजली उठून स्वयंपाकघराच्या दारात गेली. 'मी आईला नेते. उद्या सकाळीच, नांदेडला.' ती वाट पाहत होती की राजकन्या 'राहू दे' म्हणेल. रस्ताभर तिने त्या 'राहू दे'शी भांडायची तयारी केली होती. राजकन्याने गॅस बंद केला.

'ती आता कुठं येत न्हाई गं. फेब्रुवारीत मला ताप होता, म्हणून सरजाबाईंच्या लेकीकडं ठेवलं, इथं मागच्याच गल्लीत. दिवसभर दारावर डोकं आपटलं तिनं. मी संडासला गेले तरी बाहेरून कडी वाजवती. तुला ती ओळखतच न्हाई आता. आत्ता हसली ना, ती कुणालाही हसती. गाडीत बसवलंस तर चाकूरपतूर रक्तबंबाळ करून घेईल.' मग काही क्षण ती ओट्यावरचा ओला डाग बोटाने पसरवत राहिली. 'तू ऐकलंस ना दुपारी?'

'काय?'

'ऐकलंस. म्हणून आलीस.' राजकन्याचा आवाज अजून तसाच सरळ होता. 'मारते मी तिला. रोज न्हाई. आधी मी माझ्याच मांडीवर मारायची, जोरात, काळंनिळं होईपर्यंत, म्हंजे हात मोकळा व्हायचा. आता तिच्याकडं जातो हात. तोंडात घास धरून ती बघत बसती ना माझ्याकडं, तेव्हा जातो. मग पाय दाबत बसते तिचे. तिला आठवत बी न्हाई. मलाच आठवतं.' ती गीतांजलीकडे वळली. 'तिला नको नेऊस, गीता. मला ने.'

गीतांजलीला वाटलं, आपण आता काहीतरी बोलायला हवं, तिला जवळ घ्यायला हवं. तिच्याकडून ते झालं नाही. ती म्हणाली, 'तू जा. मी राहते. पंधरा दिवस, महिना, कॉलेजला आता सुट्टीच लागतेय. शिवशंकरला सांगते, तो स्टँडवर येईल.' हे बोलत असतानाच तिच्या डोक्यात हिशेब चालू झाला होता. दोन-तीन दिवस दोघींनी सोबत राहावं, आईला आपली सवय होऊ द्यावी, आधी एक घास आपण भरवावा, मग दोन, आणि मग अक्काने हळूच निघावं. तसं करायला हवं. ती तसं म्हणणार होती. पण राजकन्या तोवर आतल्या खोलीत गेली होती आणि लोखंडी कपाटामागून एक बॅग घेऊन बाहेर आली. बॅग भरलेली होती. वर धूळ बसलेली होती.

'कधी भरलीस?'

'दिवाळीत.' राजकन्याने गाऊनवरच साडी गुंडाळायला घेतली, मग थांबून गाऊन काढला, मग पुन्हा साडी. ती भराभर बोलत होती. घास दिला की गळ्यावरून बोट फिरव, मग गिळती. दूध साखरेचं देऊ नको. रात्री दार आतून लाव आणि किल्ली उशीखाली घे. चिडलीस तर बाहेर ओट्यावर जाऊन बस, पण दाराशीच बस. कोपऱ्यावर रिक्षा मिळेल, नांदेडची गाडी आहे अजून. ती चप्पल घालून उंबऱ्यावर आली, आणि तिथे थांबली. रस्त्याकडे बघत राहिली, मग मागे वळली. तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी हललं.

'जाते म्हणले खरं. पण जाऊन करू काय गं मी?'

'झोप,' गीतांजली म्हणाली. 'आधी नुसती झोप.'

राजकन्याने आईकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर ती गेली नसती, हे दोघींनाही कळत होतं. कोपऱ्यावर तिने रिक्षाला हात केला, बॅग आधी आत ढकलली आणि मग स्वतः बसली. रिक्षा औसा रोडच्या गर्दीत शिरली.

गीतांजलीने दार लावलं. स्वयंपाकघरात जाऊन भात कुकरला लावावा म्हणून तिने तांदळाचा डबा शोधला, तो सापडेना, मग सापडला. बाहेरच्या खोलीत खाट करकरली. 'राजे,' आई म्हणाली. गीतांजली तांदूळ धुवत राहिली. ते तिचं नाव नव्हतं. 'राजे.' आता आवाज जरा वर होता. पाय जमिनीवर टेकल्याचं ऐकू आलं, मग ड्रमवर हात आपटल्याचं, एकदा, दोनदा. 'ए राजे, कुठं मेलीस?' उत्तर द्यायला घरात दुसरं कुणीच नव्हतं.

'आले,' गीतांजली म्हणाली, आणि हात तसेच ओले घेऊन बाहेर गेली.